पहिला गुन्हा आणि प्रामाणिक बचाव

(व्याख्यानमालेत ‘सामान्य नागरिक आणि फौजदारी कायदा’ या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोमवारी सकाळी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाबाहेरील व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहिले, की शनिवार-रविवारच्या नाकाबंदीचे पीक दृष्टीस पडते. त्यात सराईत माणसे थोडी असतात. बहुसंख्य मंडळी इस्त्रीचे कपडे घालून, खाली मान घालून उभी असलेली, चांगल्या घरची, पोटापाण्याला लागलेली मुले असतात. शेजारी वडील असतात आणि वडिलांच्या चेहऱ्यावर मुलापेक्षा अधिक अपराधीपणा असतो. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 185, अर्थात मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचा आरोप, या मुलाच्या वाट्याला आयुष्यात प्रथमच आलेला असतो.

असेच एक पितापुत्र डोळ्यांसमोर आणावेत. वकिलाच्या समोर बसताच वडील म्हणतात, “वकीलसाहेब, आमच्या घराण्यात कोणी सुपारीच्या खांडालाही शिवलेले नाही. चिरंजीवांच्या हातून प्रथमच घडले. तेवढे मिटवून द्या.”

या ‘मिटवून द्या’ या शब्दाशी जरा थांबावयास हवे. आपल्या समाजात या शब्दाला तीन अर्थ आहेत आणि तिन्ही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत. पहिला अर्थ चिरीमिरीचा. दुसरा, कुणा लोकप्रतिनिधीच्या दूरध्वनीचा. तिसरा अर्थ पूर्वी दबक्या आवाजात उच्चारला जाई. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, त्यानंतर तो उघड चर्चेत आला. त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निकाल न्यायालय करील. परंतु ‘मिटविण्या’च्या मागे लागलेले कुटुंब मूळ अपराधाहून कितीतरी भयंकर आरोपांच्या गर्तेत कसे जाऊ शकते, हे त्या प्रकरणाने महाराष्ट्राला दाखविले. कलम 185 च्या पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त सहा महिन्यांचा कारावास आहे. पुरावा नष्ट करणे, खोटा पुरावा रचणे, लोकसेवकाला लाच देणे यांच्या शिक्षा वर्षांत मोजल्या जातात.

मग बचाव करावयाचाच नाही काय? अवश्य करावयाचा. आरोपीला बचावाचा अधिकार राज्यघटनेने दिलेला आहे. अनुच्छेद 22 प्रमाणे अटकेची कारणे जाणून घेण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मद्यपान केलेला माणूसही त्यातून वगळलेला नाही. प्रश्न एवढाच, की बचाव कशाचा आणि कोणत्या मार्गाने.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. वाहन चालविणाऱ्या किंवा चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, तर अपराध घडतो. हे प्रमाण श्वासविश्लेषक यंत्राने, म्हणजे ज्याला सर्वजण ब्रेथ अ‍ॅनलायझर म्हणतात त्याने, सिद्ध व्हावे अशी मूळ तरतूद होती. 2019 च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य चाचण्यांचाही त्यात समावेश झाला. त्याच दुरुस्तीने पहिल्या अपराधाचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर गेला. दंड, कारावास किंवा दोन्ही, हे न्यायालयाच्या हाती. मात्र या दुरुस्तीतील एका बदलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी दुसरा अपराध तीन वर्षांच्या आत घडला, तरच वाढीव शिक्षा लागू होत असे. ती मुदतच आता काढून टाकण्यात आली आहे. पहिली दोषसिद्धी एकदा नोंदली गेली, की पुढे दहा वर्षांनी घडलेला अपराधही ‘दुसरा’च ठरतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंतचा कारावास, पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘दहा हजार भरले, विषय संपला’ असे समजून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

‘भरले’ हा शब्दही फसवा आहे. सिग्नल मोडल्याचे चलन रस्त्यावर भरता येते, कारण कलम 200 खाली तो अपराध तडजोडीने मिटू शकतो. कलम 185 त्या यादीत नाही. त्यासाठी न्यायालयापुढे उभे राहावेच लागते आणि तेथे ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी पत्करणे होय. कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध पुढे अपीलही राहत नाही. फार तर शिक्षेच्या प्रमाणाविषयी व वैधतेविषयी दाद मागता येते. म्हणून कबुली द्यावी अथवा न द्यावी, हा निर्णय व्हरांड्यात, शिपायाने नाव पुकारल्यावर, घाईघाईने घेण्याचा नव्हे.

आता त्या रात्रीचा क्रम. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशय आल्यास तो श्वासचाचणीची मागणी करू शकतो. चाचणीत मद्यार्क आढळला किंवा चालकाने चाचणीस नकार दिला, तर अटक होऊ शकते. अटक झाल्यावर दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्या व्यक्तीस कोठडीतून मुक्त करावे लागते, असे कलम 202 चे परंतुक सांगते. ‘मुक्त करावे लागते’ याचा अर्थ खटला संपतो असा नव्हे. परंतु वेळेची नोंद हा बचावाचा पहिला धागा असतो, कारण शरीरातील मद्यार्क घड्याळाबरोबर उतरत असतो. अपराध जामीनपात्र आहे. जामीन ही येथे कृपा नसून हक्क आहे. जातमुचलका किंवा जामीनदार यांवर सुटका होते. त्यासाठी पाकीट सैल करण्याचे काहीच कारण नाही.

पुष्कळांना वाटते, की यंत्रात फुंकलेच नाही तर पुरावाच राहणार नाही. हा सल्ला मित्रमंडळीत मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. कलम 205 ने त्याची सोय आधीच करून ठेवली आहे. वाजवी कारणावाचून चाचणी नाकारली, तर तो नकारच अभियोग पक्षाच्या पुराव्याला बळकटी देणारी परिस्थिती मानता येतो. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको’ हा घटनेतील अनुच्छेद 20(3) चा आधारही येथे तोकडा पडतो. 1961 साली काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे स्पष्ट केले; रक्ताच्या नमुन्याकडेही पुढे त्याच दृष्टीने पाहिले गेले.

दुसरी एक लोकप्रिय सबब औषधाची. खोकल्याचे औषध घेतले होते, आजीने दशमूलारिष्ट दिले होते, वगैरे. आसवारिष्टांत किण्वनातून मद्यार्क निर्माण होतो, हे खरे आहे. पण हिशेब मांडून पाहावा. चार चमचे, म्हणजे 20 मिलिलिटर अरिष्टात दहा टक्के मद्यार्क धरला, तर तो 2 मिलिलिटर, वजनाने सुमारे दीड ग्रॅम होतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात तो पसरल्यावर 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम तीन मिलिग्रॅमच्या आसपास येतो. मर्यादा तीसची आहे! याउलट आपल्याकडील 42.8 टक्क्यांच्या मद्याचा 30 मिलिलिटरचा एक छोटा पेग त्याच माणसाला वीसच्या घरात नेतो आणि दुसरा पेग मर्यादेपार. यंत्रावर 90 चा आकडा उमटला असताना आजीच्या अरिष्टाकडे बोट दाखविणे हा आयुर्वेदाचाही अपमान आहे आणि आजीचाही.

तथापि या सबबीत सत्याचा एक कण आहे आणि चांगला वकील तोच टिपतो. औषध, माउथवॉश किंवा मद्य नुकतेच तोंडात घेतले असेल, तर तोंडातील मद्यार्काची वाफ यंत्राला फसवू शकते. म्हणूनच चाचणीपूर्वी सुमारे पंधरा मिनिटे थांबण्याची आणि शक्य तर पुन्हा चाचणी घेण्याची पद्धत जगभर योग्य मानली जाते. यंत्र श्वासातील प्रमाणावरून रक्तातील प्रमाणाचे अनुमान करते. ते प्रत्यक्ष रक्त मोजत नाही. हे अनुमान यंत्राचे अंशांकन नीट झाले असेल तरच विश्वसनीय. अंशांकन केव्हा झाले, त्याचे प्रमाणपत्र आहे काय, फुंकण्यापूर्वी कोऱ्या हवेची चाचणी शून्य दाखवीत होती काय, छापील पट्टीवरील वेळ आणि पंचनाम्यातील वेळ जुळतात काय, हे प्रश्न विचारणे म्हणजे पळवाट काढणे नव्हे. तराजू बरोबर आहे का, असे दुकानदाराला विचारणारा ग्राहक काही चोर ठरत नाही.

रक्ताच्या चाचणीचेही तसेच. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली होती काय? नमुन्यात सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक होते काय? ते नसेल, तर साठवणीत नमुन्यातील मद्यार्काचे प्रमाण बदलू शकते. मोहोर कुणी लावली, नमुना किती दिवस कोठे होता, शीतकपाटात होता की टेबलाच्या खणात, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तो कुणी नेऊन दिला? या साखळीतील एक कडी तुटली, तरी संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मुंबईत 2002 साली घडलेल्या आणि 2015 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्ततेचा निकाल दिलेल्या एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या खटल्यात रक्तनमुन्याच्या हाताळणीविषयीच्या शंका महत्त्वाच्या ठरल्या होत्या. तो निकाल अनेकांना रुचला नाही. परंतु पुराव्यातील ढिलाईची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यातून उरतोच. दंडाधिकाऱ्यांपुढे रोज उभ्या राहणाऱ्या अनाम आरोपींच्या बाबतीत तर तो कुणी विचारीतही नाही.

आणि केवळ तोंडाला वास येत होता, चाल अडखळती होती, बुबुळे विस्फारलेली होती, एवढ्यावर काय? बचुभाई कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र शासन या 1971 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा बाह्य लक्षणांवर विसंबून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढणे पुरेसे मानले नाही. रक्ताच्या तपासणीचा अहवाल न्यायालयापुढे आलाच नव्हता. आज अर्धशतकानंतरही नाकाबंदीवरील घाईच्या कागदांत हीच उणीव अधूनमधून आढळते.

येथे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. मुलगा प्यायला होता, हे त्याला ठाऊक आहे, वडिलांना ठाऊक आहे, वकिलालाही त्याने सांगितले आहे. मग न्यायालयात ‘गुन्हा नाकबूल’ म्हणणे हे असत्य नव्हे काय? प्रश्न लहान नाही. आपल्या संस्कारांत सत्याला जे स्थान आहे, ते पाहता तो पडलाच पाहिजे. ‘नाकबूल’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ ‘मी प्यायलो नव्हतो’ असा नाही. ‘शासनाने आपला आरोप पुराव्याने सिद्ध करावा’ एवढाच त्याचा अर्थ आहे. आरोपीचा जबाब शपथेवर होत नाही, तो याच कारणाने. परंतु त्यापुढे एक पाऊल टाकून ‘गाडी मी नव्हे, शेजारी बसलेला मित्र चालवीत होता’ असा साक्षीदार उभा केला, तर ते सरळसरळ खोट्या पुराव्याचे अपराधकृत्य होते. सीमारेषा येथे आहे. तिच्या अलीकडे बचाव आहे आणि पलीकडे नवा गुन्हा. पेशवाईत रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्ताधीशाच्या तोंडावर निर्णय सुनावला, त्याचे आपण कौतुक करतो. ते कौतुक स्वतःचा मुलगा पिंजऱ्यात असतानाही टिकले पाहिजे.

म्हणून चांगला वकील प्रथम कागद पाहतो, मग सल्ला देतो. समजा, एकाचा आकडा 34 आहे, चाचणी एकदाच झाली आहे, यंत्राचे प्रमाणपत्र कागदपत्रांत नाही, वैद्यकीय तपासणी चार तासांनी झाली आहे. अशा माणसाने नाकबूल राहून खटला लढवावा, यात गैर काहीच नाही. दुसऱ्याचा आकडा 140 आहे, रक्ताचा अहवालही तेच सांगतो, वेळा जुळतात, मोहोर शाबूत आहे. त्याने तीन वर्षे तारखांना खेटे घालून शेवटी शिक्षा घेण्यापेक्षा पहिल्याच संधीला कबुली देऊन शिक्षेच्या प्रश्नावर लक्ष केंद्रित करणे शहाणपणाचे ठरते.

शिक्षेच्या या टप्प्यावर वकील बहुधा फार घाईत असतात, आणि खरे काम तेथेच असते. अपराधी परिवीक्षा अधिनियम 1958 मध्ये झालेला आहे. त्यातील कलम 3 प्रमाणे, दोन वर्षांपेक्षा अधिक कारावास नसलेल्या अपराधात पूर्वी शिक्षा न झालेल्या व्यक्तीस न्यायालय समज देऊन सोडू शकते. कलम 4 प्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर मुक्त करू शकते. कलम 12 त्याहून मोलाचे आहे. या तरतुदींचा लाभ मिळालेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागत नाही. हा लाभ मागावा लागतो आणि मागण्यासाठी काही आधार दाखवावा लागतो. अपघात झाला नव्हता. कुणाला इजा नव्हती. पोलिसांशी हुज्जत घातली नव्हती. परवान्यावर पूर्वीचा डाग नाही. आणि मुलगा खरोखरच सवयीच्या उंबरठ्यावर असेल, तर त्याने तारखेपूर्वीच समुपदेशन सुरू केले आहे. पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये उभे केलेले मुक्तांगण आहे, अन्यत्रही अशी केंद्रे आहेत. न्यायालयाला दाखविण्यापुरते प्रमाणपत्र आणणारा आणि खरोखर जाणारा यांतील फरक अनुभवी दंडाधिकाऱ्याला दोन प्रश्नांत कळतो.

अर्थात हे सारे तोवरच, जोवर रस्त्यावर कुणाचा जीव गेलेला नाही. दलबीर सिंग प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजी वाहनचालनाने मृत्यू घडविणाऱ्यांना परिवीक्षेचा लाभ देण्याविषयी कठोर भूमिका घेतली. मुंबईच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांपैकी सात जण मोटारीखाली गेले. त्या चालकाच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 112 मिलिग्रॅम मद्यार्क होता. त्याला सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा झाली आणि 2012 मध्ये ती सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. नाकाबंदीत सापडलेला मुलगा आणि कार्टर रोडचा चालक यांच्यामध्ये अनेकदा केवळ पुढच्या वळणाचे अंतर असते.

न्यायालयाबाहेरही काही परिणाम आहेत. पोलीस परवाना ताब्यात घेऊन अनुज्ञप्ती प्राधिकरणाकडे पाठवितात आणि पहिल्या अपराधासाठी तीन महिने तो निलंबित होऊ शकतो. मात्र त्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात. आरटीओची ती नोटीस फडताळात टाकून देणारे पुष्कळ असतात. विम्याचे तर विचारूच नये. इफ्को टोकियो प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चाचणी झाली नसली तरी चालक मद्याच्या अंमलाखाली होता हे विमा कंपनी अन्य परिस्थितीवरून दाखवू शकते. फौजदारीतून सुटलेला माणूस मोटारीच्या भरपाईत अडकू शकतो, तो असा.

नोकरीचा प्रश्न वडिलांना सर्वांत अधिक सतावतो. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय’ असा रकाना असतो. तेथे ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने माहिती खरी द्यावी. किरकोळ स्वरूपाच्या, तरुण वयातील प्रकरणांकडे नियुक्ती प्राधिकारी तारतम्याने पाहू शकतो. व्यवहारात अनेकदा मूळ प्रकरणाने नोकरी जात नाही, ते दडविल्याने जाते.

वकिलाचे शुल्क परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालील नागरिक यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. मालमोटारींवरील चालक, रिक्षावाले हे या कलमाखाली मोठ्या संख्येने सापडतात आणि परवाना हीच त्यांची भाकरी असते. त्यांच्यासाठी ही माहिती आलिशान मोटारवाल्यांपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

पुन्हा त्या पितापुत्रांकडे वळू. वकिलाने कागद वाचले आहेत. आकडा 96. चाचणी दोनदा झालेली, पंधरा मिनिटांच्या अंतराने. यंत्राचे प्रमाणपत्र जोडलेले. वैद्यकीय तपासणी दीड तासात. वकील वडिलांकडे न पाहता मुलाला विचारतो, “तुम्हाला काय वाटते?” मुलगा प्रथमच मान वर करून म्हणतो, “साहेब, मी प्यालो होतो. मागे माझी मावसबहीण बसली होती.” वडिलांना ही दुसरी गोष्ट ठाऊक नव्हती. ते काही वेळ बोलत नाहीत. मग खिशातून, कुणाला तरी देण्यासाठी आणलेला लखोटा काढून ते निमूटपणे आपल्या पिशवीत ठेवतात.

पुढच्या तारखेला मुलगा कबुली देतो. वकील परिवीक्षेचा अर्ज वाचतो. सरकारी अभियोक्ता विरोध करतात, तो त्यांचा अधिकार आहे. दंडाधिकारी मुलाला दोन प्रश्न विचारतात आणि आदेशासाठी दुपारची वेळ देतात. परवाना आरटीओकडे असल्याने दोघे बसने आलेले असतात. व्हरांड्यातील बाकावर बसून ते घरून आणलेला डबा उघडतात.